ब्रिसलनोज प्लेकोची पिल्लं होत नाहीत? गाडी कुठे अडली ते आधी शोधा

ब्रिसलनोज प्लेको हा घरच्या काचेच्या टाकीत पाळायचा छोटा मासा. त्याच्याबद्दलची तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते: "नर-मादी आहेत, टाकी स्वच्छ आहे, खातात-पितात, पण पिल्लं काही होत नाहीत." उत्तरही ठरलेलं असतं: "थंड पाणी घाल. पाऊस पडल्यासारखं वाटलं की अंडी घालतात." दोन वर्षं मी हेच उत्तर लोकांना देत होतो आणि माझ्या टाकीतही तेच करत होतो. त्या नादात माझा अंड्यांचा एक अख्खा पुंजका वाया गेला. थंड पाण्याचा उपाय खोटा नाही. तो एका ठरावीक अडचणीवरचा उपाय आहे, आणि विचारणाऱ्यांतल्या बहुतेकांची अडचण ती नसतेच.

"पिल्लं होत नाहीत" म्हणजे नेमकं काय, हे आधी स्वतःला विचारा. कुणाकडे मुळात जोडीच नसते. कुणाची जोडी असते, पण अंडी घालत नाही. कुणाकडे अंडी दिसतात आणि तिसऱ्या दिवशी खाली वाळूवर पसरलेली असतात. कुणाकडे पिल्लं निघून पंधरा दिवसांत एकेक करत संपतात. चारही जण "होत नाहीत" असंच म्हणतात, पण औषध चौघांचं वेगळं. तिसऱ्या अडचणीवर दुसरीचं औषध दिलं की काय होतं, ते पुढे सांगतोच.

माझी टाकी इंदूरला राजेंद्रनगरच्या घरात, जिन्याखाली आहे. चोवीस इंच लांब, बारा रुंद, पंधरा उंच. काठोकाठ भरली तर सत्तर लिटर, प्रत्यक्षात साठ धरा. दोन स्पंज फिल्टर, एक लाकडाचा ओंडका, एक नर, दोन माद्या. या आकाराच्या टाकीत जे केलं तेच इथे लिहितोय.

मासा तोच आहे ना?

आपल्याकडे दुकानात पाटी "सकर" एवढीच असते. दोन इंची काळपट मासा पिशवीत घालून दुकानदार सांगतो, "भिया, सकर तो सकर है, काच साफ करेगा." तसं नसतं. बहुतेक वेळा तो कॉमन प्लेको असतो, टेरिगोप्लिक्थिस जातीतला. हा फूट-सव्वा फूट वाढतो आणि नदीच्या किंवा तळ्याच्या मातीच्या काठात लांब बिळं खणून आत अंडी घालतो. काचेच्या टाकीत त्याला खणायला काठच नाही. त्याच्यासाठी पाणी गार-गरम करत बसलात तर आयुष्य जाईल.

घरच्या टाकीत सहज पिल्लं देणारा तो ब्रिसलनोज, म्हणजे अँसिस्ट्रस. पुरता वाढला तरी चार-पाच इंचांचा. ओळख अशी: पाठीवरचा पर मोजा. टेरिगोप्लिक्थिसचा पर शिडासारखा मोठा असतो आणि त्यात दहा किंवा जास्त काड्या असतात. ब्रिसलनोजच्या परात पुढचा काटा सोडला तर सातच. परात काड्या मोजणं म्हणजे चालत्या रिक्षाच्या चाकाचे आरे मोजण्यासारखं आहे हे मान्य, पण मासा काचेला चिकटला की मोबाइलवर फोटो काढा आणि मोठा करून निवांत मोजा. शिवाय ब्रिसलनोजचं थोबाड रुंद आणि चपटं असतं; तोंडाच्या कडेला खवल्यांसारख्या कठीण पट्ट्या नसतात, नुसती कातडी असते.

जोडी

नराच्या कपाळावर फांद्या फुटल्यासारख्या मिशा उगवतात, थेट डोळ्यांच्या मधोमध. मादीला त्या नसतात, किंवा ओठाच्या कडेला बारीक काटे असतात. आता मेख. या मिशा मासा पाच-सहा महिन्यांचा होईपर्यंत दिसत नाहीत, म्हणून दुकानातली छोटी "मादी" पुष्कळदा न वाढलेला नर निघते. माझ्या पहिल्या "जोडी"ला आठव्या महिन्यात दोघांनाही मिशा आल्या. मग रात्रभर नुसती धुमश्चक्री.

चार-पाच पिल्लं एकदम आणा, वाढवा आणि नंतर एक नर ठेवून बाकीचे देऊन टाका. दोन फुटी टाकीत दुसरा नर नको. अंडी द्यायच्या वयाला ती साधारण दहा-बारा महिन्यांत येतात, अडीच-तीन इंचांची झाल्यावर. वरून पाहिलं की तयार मादी पोटाशी रुंद, मध्यम आकाराच्या भरल्या वांग्यासारखी दिसते. पांढऱ्या, म्हणजे अल्बिनो मादीच्या पोटातून तर अंड्यांचा पिवळसर रंगही कळतो. वरून सरळ काडीसारखी दिसणारी मादी तयार नाही. तिला तीन-चार आठवडे नीट खाऊ घाला. बाकी सगळं नंतर.

खाण्याबद्दल फार लांबवत नाही. शेवाळाच्या गोळ्या रोज रात्री दिवा मालवल्यावर द्या, कारण हे मासे तेव्हाच हिंडतात. गिलकं, दुधी, काकडी किंवा पालक दोन मिनिटं उकळत्या पाण्यात काढून गार करायचा, स्टीलच्या चमच्याला अडकवून बुडवायचा आणि सकाळी उरलेलं काढून टाकायचं. आठवड्यातून दोनदा गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्या. "हा शाकाहारी मासा" म्हणून नुसत्या काकडीवर ठेवलेली मादी अंड्यांनी भरत नाही. बाजारातली भाजी सोलूनच द्या, सालीवर फवारा असतो. टाकीत लाकडाचा ओंडका असू द्या, ते त्याला खरवडत असतात.

बीळ चुकलं की सगळं चुकलं

माझ्या मते इथेच निम्म्या लोकांची गाडी अडते, आणि ते बिचारे पाण्याचा पीएच मोजत बसतात.

ब्रिसलनोजचं बाळंतपण बाप करतो. नर जागा निवडतो, ती साफ करतो आणि मादीला आत बोलावतो. मादी अंडी चिकटवते आणि निघून जाते. पुढचे दहा-बारा दिवस नर दारात बसून परांनी वारा घालतो. म्हणजे घर नराला पटलं पाहिजे. त्याच्या अटी साध्या आहेत: एक तोंड बंद, आत अंधार, आणि इतकी अरुंद जागा की छातीचे पर थोडे पसरले की दोन्ही भिंतींना टेकतील. जागा ऐसपैस असली की दुसरा मासा त्याच्या बाजूने आत घुसतो, आणि त्याने घातलेला वारा अंड्यांवरून न जाता भलतीकडे जातो.

मी काय काय ठेवलं ते ऐका. आधी चहाचे कुल्हड आडवे टाकले. इंदुरात कुल्हडांना तोटा नाही. पण ते रुंद आणि आखूड. नराची शेपटी बाहेर राहायची. मग फुटक्या माठाचे तुकडे. त्यांना दोन्हीकडून तोंड होतं, तिथे नर दुपारी झोपायचा, बस. नारळाची करवंटी दिसायला छान, पण माद्यांनीच तिचा ताबा घेतला. शेवटी नळकामाच्या दुकानातून ५० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणि त्याचं टोपण आणलं, सहा इंचांचा तुकडा कापला, आतून सँडपेपरने खरबरीत केला आणि टोपण नुसतं दाबून बसवलं. पाइप जोडायचं सोल्युशन अजिबात लावू नका, तो वास टाकीत नको. माझा नर साडेचार इंचांचा आहे, त्याला हे माप बसलं. तुमचा साडेतीन इंचांचा असेल तर ४० मिलिमीटर घ्या. बायको म्हणाली, "सात हजाराची टाकी आणि आत ड्रेनेजचा पाइप!" दिसायला वाईट आहे खरा. पण चौथ्या दिवशी नर आत गेला तो जेवायलाही बाहेर येईना.

पाइप मागच्या कोपऱ्यात ठेवा. तोंड फिल्टरच्या बुडबुड्यांकडे नको आणि खोलीच्या वर्दळीकडेही नको. तोंडाची बाजू बोटभर खाली कललेली असली तर उत्तम, आतली घाण आपोआप बाहेर येते. एका नराला दोन-तीन पाइप द्या, निवड त्याची त्याला करू दे. त्याने एक निवडला की बाकीचे मात्र काढू नका. माद्यांना लपायला ते लागतात.

पाणी: इंदूरचं थंड पाणी थंड असतं का?

जोडी खरी आहे, मादी भरलेली आहे, नर पाइपात ठाण मांडून आहे, आणि तरी महिनाभर काहीच नाही. आता थंड पाणी. तेही मोजून.

हा उपाय मुळात पावसाची नक्कल आहे. दक्षिण अमेरिकेतल्या यांच्या ओढ्यांना पहिल्या सरींनी नवं, गार, मऊ पाणी येतं आणि खाणं वाढतं. तेच आपण टाकीत करायचं: एरवी २६ अंशांवर असलेल्या टाकीतलं तीसेक टक्के पाणी काढून २३ अंशांचं घालायचं, असं लागोपाठ तीन संध्याकाळी. मग आठवडाभर थांबायचं.

आता आपल्या गावची गोष्ट. हा सल्ला जिथून आला तिथे नळ उघडला की पाणी गारच येतं. आपल्याकडे जलूदहून नर्मदेचं पाणी चढवून आणतात, ते घरी एक दिवसाआड येतं, आणि मग गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीत बसून राहतं. मे महिन्यात भर दुपारी मी "थंड पाणी" म्हणून बादलीभर त्या टाकीतलं ओतलं. मासे सैरावैरा पळाले तेव्हा थर्मामीटर बुडवला: ३७ अंश. माशांची टाकी होती ३० वर. पाऊस पाडायला गेलो आणि वणवा लावला. जानेवारीत उलट: सकाळी गच्चीवरच्या टाकीचं पाणी १४ अंशांचं, आणि मी दहा अंशांचा धक्का देत होतो. म्हणून एकच नियम. पाणी आधी बादलीत मोजा, मग ओता. हाताला गार लागतं म्हणजे गार आहे असं नाही.

उन्हाळ्यात पाणी रात्री भरून ठेवा; मालव्यातली रात्र निवते, पहाटेपर्यंत बादली चार-पाच अंश उतरते. टाकीच्या तोंडावर छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंश कमी होतात, फक्त उडालेल्या पाण्याची भर रोज घालावी लागते. थंडीत हीटर २५ वर ठेवा. हीटर नसेल तर जिन्याखालची टाकी जानेवारीत १७ वर येते. मासे मरत नाहीत, पण अंड्यांची आशा मार्चपर्यंत सोडा.

नर्मदेच्या पाण्यात क्लोरीन असतं. रात्रभर उघड्या बादलीत ठेवलं, एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा खडा) सोडला, की क्लोरीन बऱ्यापैकी उडतं. तरी अँटिक्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या मापाने घालाच, ते स्वस्त आहेत. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला: "आमचं पाणी जड आहे, म्हणून होत नसेल का?" मालव्याच्या काळ्या दगडातलं बोअरचं पाणी जड असतं खरं, माझा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) तिथे नळाच्या दुपटीहून जास्त दाखवतो. पण टाकीत वाढलेला ब्रिसलनोज बऱ्यापैकी जड पाण्यातही अंडी घालतो. शेजारच्या गल्लीत एका काकांकडे निव्वळ बोअरवर पिल्लं झालीत. त्यासाठी आरओ बसवू नका. निव्वळ आरओच्या पाण्यात क्षार नसतात, त्यात पीएच कधी घसरेल सांगता येत नाही. आणि आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी तर टाकीत मुळीच नको, त्यात सगळे क्षार दाटून आलेले असतात. "फुकट जातंय म्हणून वापरलं" असं सांगणारे मला तीन भेटलेत.

खरा पाऊस वापरायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. पहिल्या दोन-तीन सरी जाऊ द्या, मग मोकळ्या आकाशाखाली प्लास्टिकची बादली ठेवा. पन्हाळीचं किंवा पत्र्यावरून आलेलं पाणी नको, पत्र्याचं जस्त उतरतं. हे पाणी नळाच्या पाण्यात चौथा हिस्सा मिसळून घाला. माझ्याकडे मृगाच्या पावसात काही न करताही नर जागा झालेला आहे. पाऊस येताना हवेचा दाब उतरतो, त्याने मासे चाळवतात असं पाळणारे म्हणतात, आणि मला ते पटतं. त्यामुळे पहिल्यांदा प्रयत्न करणाऱ्याने जून-जुलैचा मुहूर्त धरावा. एप्रिलमध्ये डोकं आपटू नये.

एक पोटसूचना. "प्लेको म्हणजे थंड पाणी" हे सगळ्या प्लेकोंना लागू नाही. १९८८ पासून एका जर्मन मासिकाने नव्या सापडणाऱ्या प्लेकोंना एल-नंबर द्यायला सुरुवात केली. त्यातला सगळ्यांना हवासा वाटणारा एल-४६, म्हणजे ब्राझीलच्या शिंगू नदीतला पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा, २८ ते ३० अंशांत सुखी असतो. त्याला ब्रिसलनोजचं औषध देऊ नका.

अंडी घातली, आणि बाहेर पडली

आता माझी रडकथा.

नारिंगी, मोहरीहून बरीच मोठी, साबुदाण्यासारखी अंडी एकमेकांना चिकटून पुंजका होतो. कधी तीस, कधी शंभरच्या वर. पहिला पुंजका दिसला तेव्हा मी आनंदाने वेडा झालो. दर तासाला टॉर्च मारून पाहायचो, फोटो काढायचो, शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचो. तिसऱ्या सकाळी अंडी वाळूवर. आई सोफ्यावरून म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीत कुणी तासातासाला डोकावतं का रे?"

दुसऱ्या वेळी टॉर्च कपाटात ठेवली. पण चौथ्या दिवशी नर अस्वस्थ वाटला आणि मी माझं आवडतं औषध काढलं: अर्धं पाणी बदललं, चार अंश गार. संध्याकाळी नर पाइपाबाहेर, अंडी त्याच्या मागे. पावसाची वर्दी ही अंडी घालण्यासाठीची सूचना आहे. अंड्यांवर बसलेल्या बापाला ती म्हणजे घरात पूर आल्यासारखी. ज्या उपायाने अंडी आली त्याच उपायाने ती गेली, हे कळायला मला दुसरा पुंजका घालवावा लागला.

तिसरा का गेला ते आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही, कारण त्या आठवड्यात मी स्पंज फिल्टर धुतला, पाइपाची जागा सरकवली आणि एक नवी मादी सोडली. एकदम तीन गोष्टी बदलल्यावर कुणाला दोष देणार? तेव्हापासून कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहितो: तारीख, तापमान, काय बदललं. एका वेळी एकच.

अंडी बाहेर पडायची कारणं मला दिसली ती अशी, जास्त घडणारी आधी. नर नवखा असतो. पहिले एक-दोन पुंजके बहुतेक नर वाया घालवतात, तिथे तुम्ही काहीच करू नका, महिन्या-दीड महिन्याने तो पुन्हा बसेल. अंडी फळलेलीच नसतात किंवा बुरशी धरतात, तेव्हा नर ती मुद्दाम बाहेर ढकलतो. ही त्याची चूक नाही, शहाणपण आहे. म्हणून बाहेर पडलेल्या अंड्यांचा रंग आधी पाहा. पांढरी आणि कापसाळलेली असतील तर नराला बोल लावू नका. नारिंगी आणि टवटवीत असतील तर मात्र त्याला कुणीतरी त्रास दिलाय: तुम्ही, दुसरी मादी किंवा पाइपात घुसू पाहणारा दुसरा मासा. दुसरी भरलेली मादी दारात धक्काबुक्की करते आणि त्या झटापटीत पुंजका सुटतो. माझ्याकडे चौथ्या वेळी मी दुसऱ्या मादीला आठ दिवस शेजारच्या छोट्या टाकीत पाहुणी म्हणून ठेवलं, आणि त्याच वेळी पहिल्यांदा पिल्लं निघाली. त्रेचाळीस.

उन्हाळ्यात आणखी एक कारण असतं, ते डोळ्यांना दिसत नाही. समुद्रसपाटीला २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांच्या पाण्यात ७.३. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर, म्हणजे त्याहूनही थोडा कमी. बंद तोंडाच्या पाइपात तो आणखी घटतो. नर जोरजोरात वारा घालतो, थकतो आणि शेवटी जीव वाचवायला बाहेर येतो. मे महिन्यात दुपारी वीज गेली, एअर पंप दीड तास बंद राहिला आणि संध्याकाळी अंडी बाहेर, असं झालं असेल तर कोडं सुटलं. पेन्सिल सेलवर चालणारा छोटा पंप घरात ठेवा.

अंड्यांवर नर असताना पाणी बदलायचंच झालं तर दहा टक्के, अगदी त्याच तापमानाचं, क्लोरीन काढलेलं, नळीने हळूहळू. फिल्टर धुवायचा तर अंडी यायच्या आधी, आता नको. नर दहा दिवस जवळपास उपाशी असतो, त्याची काळजी करू नका. पाइपाच्या तोंडाशी गिलक्याची फोड ढकलू नका, तिच्यामागे माद्या येतात.

एवढं करूनही पुंजका बाहेर आलाच आणि अंडी नारिंगी असतील तर तासा-दोन तासांत हालचाल करा. नर पुन्हा आत नेईल म्हणून वाट पाहू नका, मी तरी तसं कधी पाहिलं नाही. सुई काढलेली मोठी सिरिंज किंवा चमचा वापरून अंडी उचला आणि प्लास्टिकच्या जाळीच्या चहाच्या गाळणीत ठेवा. गाळणी टाकीच्याच पाण्याने भरलेल्या एका डब्यात टांगा आणि डबा टाकीत तरंगता ठेवा, म्हणजे तापमान सारखं राहतं. खाली एअर स्टोन असा सोडा की अंडी हलकी डुलतील. उसळता कामा नयेत. डब्यात मेथिलीन ब्लूचे, म्हणजे बुरशीवरच्या निळ्या औषधाचे, इतकेच थेंब घाला की पाणी फिकं आकाशी होईल. हे औषध मोठ्या टाकीत टाकू नका, फिल्टरमधले कामाचे जिवाणू त्याने मरतात आणि सिलिकॉनचे सांधे कायमचे निळे होतात. औषध नसेल तर देशी बदामाचं वाळलेलं पान घाला. कोणत्याही जुन्या बागेत झाडाखाली पडलेलं मिळेल. धुऊन, पाणी चहाच्या रंगाचं होईल एवढंच. पांढरं पडलेलं अंडं रोज चिमट्याने काढा, नाहीतर बुरशी शेजाऱ्याला लागते. या पद्धतीने माझी निम्मी अंडी वाचली आहेत, सगळी कधीच नाहीत. बापाच्या हातची सर गाळणीला येत नाही.

२६ अंशांना पाच-सहा दिवसांत अंडी फुटतात. पाणी गार असेल तर आठ-दहा दिवसही लागतात, घाईने टाकून देऊ नका. निघालेलं पिल्लू म्हणजे पोटाला नारिंगी पिशवी लटकलेली शेपटी. ती पिशवी जिरेपर्यंत, म्हणजे आणखी पाच-सहा दिवस, त्याला काही खायला लागत नाही. या काळात खाणं टाकलंत तर ते नुसतं सडतं.

पिल्लं निघाली, आणि मग कमी होत गेली

इथे पाण्याचा पीएच, पाऊस, हवेचा दाब, सगळं विसरा. दोनच कारणं: उपासमार आणि घाण. गंमत अशी की एक टाळायला गेलं की दुसरं होतं.

मेलेल्या पिल्लाचं पोट पाहा. आत खपाटीला गेलंय म्हणजे उपाशी. या पिल्लांना दिवसभर चरायला लागतं, सकाळ-संध्याकाळ दोनदा जेवण त्यांना पुरत नाही. चकचकीत नव्या टाकीत हलवलेली पिल्लं म्हणूनच मरतात. काचेवर, लाकडावर, जुन्या स्पंजावर जो बुळबुळीत थर असतो तो त्यांचा वरणभात आहे. पिशवी जिरली की पालकाचं किंवा गिलक्याचं काहीतरी टाकीत सतत असू द्या. पोट टम्म फुगलंय म्हणजे उलट: ब्लडवर्म किंवा भलतंच पौष्टिक लवकर दिलंय, नाहीतर पाणी खराब आहे. पहिला महिना ब्लडवर्म नको.

आणि भाजी सतत ठेवायची म्हणजे तीच ठेवायची नव्हे. सकाळची फोड संध्याकाळी काढा, संध्याकाळची सकाळी. माझी अकरा पिल्लं एका रात्रीत गेली ती काकडीच्या एका विसरलेल्या चकतीमुळे. सकाळी अमोनियाची चाचणी हिरवीगार, म्हणजे सडलेल्या खाण्याचं विष पाण्यात भरपूर. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत, "थोडंसं आहे" हे मोठ्या माशाला चालून जातं, एक सेंटिमीटरच्या पिल्लाला नाही. एक दिवसाआड दहा-पंधरा टक्के पाणी बदला. नर्मदेच्या वेळापत्रकाशी हे छान जुळतं, फक्त ज्या दिवशी पाणी येतं त्याच्या दुसऱ्या दिवशी ते वापरा. मोटरचा फिल्टर असेल तर त्याच्या तोंडाला स्पंज बांधा, नाहीतर हरवलेली पिल्लं तिथे सापडतील. मोठी शिकारी मासळी सोबत नसेल तर पिल्लं बापाच्या टाकीतच ठेवली तरी चालतात. मी जाळीच्या पेटीत ठेवायचो, आता ठेवत नाही. पेटीत मरतात जास्त.

दोन महिन्यांत पिल्लू इंचभर होतं. साठ लिटरमध्ये चाळीस पिल्लं तोपर्यंत कशीबशी मावतात, पुढे नाही, आणि नर पुन्हा पाइपात शिरलेला असतो. ती कुणाला द्यायची याचा विचार आधीच करून ठेवा. माझा दुकानदार दीड इंचाची पिल्लं घेतो आणि बदल्यात गोळ्यांचा डबा देतो. आता त्याने पाटीवर "मूँछवाला सकर" असं लिहिलंय. कॉमन प्लेको घरात वाढून बसला असेल तर तोही दुकानातच परत द्या. सिरपूर तलावात किंवा यशवंत सागरात सोडायला जाऊ नका. दोन्ही जागा २०२२ मध्ये रामसरच्या, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेल्या आहेत, आणि २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेत सापडला तो सकर असाच कुणाच्या तरी टाकीतून किंवा तळ्यातून सुटलेल्यांच्या वंशातला. हा मासा आपल्या नद्यांतला नाही.

विचारायचं असेल तर चार गोष्टी लिहून पाठवा: नर-मादीचा वरून काढलेला फोटो, पाइपाचा व्यास, बादलीतल्या आणि टाकीतल्या पाण्याचं तापमान, आणि अंडी आली असतील तर कितव्या दिवशी काय झालं. "पाणी चांगलं आहे" एवढंच लिहिलंत तर मी आधी थर्मामीटर विकत घ्यायला सांगेन.